तिन्ही गोळे वर गेले की

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रजेचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला. फुप्फुसं तपासायच्या खोलीत मी एकटीच आहे. माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत मी या डोंगरावरच्या इस्पितळातून हलायचं नाही, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. तेव्हा मे महिन्यात तुम्हीच या. तीन वर्षं झाली, बाबा. माझी खोली दाखवायचीय आणि मुख्य म्हणजे माझं यंत्र दाखवायचंय. दिवसभर मी लोकांच्या नाकाला चिमटा लावते आणि फुंका, फुंका, अजून फुंका म्हणून ओरडते. काच फुंकणाऱ्याची लेक दुसरं काय करणार?

पण एक अट आहे. इथली हवा विरळ. धडधाकट माणसालाही पहिले दोन दिवस धाप लागते आणि तुमची छाती चाळीस वर्षं भट्टीसमोर राबलेली. म्हणून सोबत एक डबी पाठवतेय. तिच्यात तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक हलका गोळा आणि बाजूला नळी. नळी तोंडात धरा आणि जोर लावा. तिन्ही गोळे वर गेले आणि तीन आकडे मोजेपर्यंत तिथेच राहिले, की गाडीत बसायचं. कागद वाचत बसू नका. नळीचं काम तुम्हाला मी काय शिकवणार!

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो गाडीत घालून इकडे आणावा.

तुमची,
ठिणगी


२२ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

डबी पोचली. दिव्याच्या काचा, पाण्याचे जग, दवाखान्याच्या बाटल्या एका दमात फुगवणारा तुझा बाप तीन गोळ्यांपुढे हात टेकून बसला आहे. सकाळ-संध्याकाळ बसतो, पण गोळे ढिम्म हलत नाहीत. चिकटलेत की काय म्हणून डबी उलटी करून पाहिली, तर चांगले खुळखुळतात. तुझी आत्या म्हणते, बडा घर पोकळ वासा. तिला हसायला बरं निमित्त मिळालं.

मी मात्र तयारीला लागलोय. बॅग माळ्यावरून काढली, दोन शर्ट घडी करून ठेवले. भट्टीवरच्या जुन्या मंडळींना सांगूनही आलो की मे महिन्यात लेकीकडे चाललो. आता तोंडघशी पाडू नकोस. एखादा गोळा माफ होतो का, ते कळव.

तब्येतीला जप, आणि वाट बघणाऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
बाबा


५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. थट्टा तुम्ही केलीत, पण मला हसू आलं नाही. माझ्याकडे ज्यांना एकही गोळा उचलवत नाही, ते खाटेवरून उठत नाहीत. मे महिन्याचं राहू द्या. हट्ट करू नका; आधी आपल्या डॉक्टरांना छाती दाखवा आणि ते काय म्हणतात ते न लपवता कळवा.

तुमच्यासाठी गादी आणली होती. ती भिंतीला उभी करून ठेवलीय. येता-जाता दिसते.

माया कमी करू नका. ती पुरवून पुरवून वापरतेय.

तुमची,
ठिणगी


१२ एप्रिल

चि. ठिणगीस,
आत्याचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांच्या चोरून लिहितेय. तुझं पत्र आलं आणि त्यांनी बॅगेतले शर्ट काढून कपाटात ठेवले. जेवताना माझ्याशी भांडणसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

डॉक्टरांकडे मीच नेलं. छाती गेल्या वर्षीइतकीच आहे, वाईट नाही, असं ते म्हणाले. जिना एकदा थांबून चढतात. मग गोळे का उठत नाहीत? मी समोर बसून पाहिलं. स्टुलावर ताठ बसतात, नळी तोंडात धरतात, गाल असे फुगवतात की डोळे बाहेर यायचे बाकी राहतात, आणि मग फुंकतात. डबीच्या आतून नुसती वाफ धरते. इतकं फुंकून भट्टीवर एव्हाना घागर झाली असती. यात काही गोम असेल तर तू बघ, मला अडाणीला काय कळतंय.

म्हाताऱ्यांची आठवण ठेव, विशेषतः माझी.

तुझी,
आत्या


१६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फुंकू नका! आत ओढा. माझ्या यंत्रात फुंकायचं असतं. या डबीत हवा आत ओढायची असते, तेव्हा गोळे उठतात. आत्याचं पत्र तपासणीच्या खोलीत वाचलं आणि रोग्यासमोर आधी हसले, मग रडले. त्यानेच मला पाणी दिलं.

चूक माझी आहे, कारण मला हे कळायला हवं होतं. मी सात वर्षांची असताना तुमची फुंकनळी तोंडात धरून हवा आत ओढायला गेले होते, आणि तुम्ही मला थप्पड मारलीत. आयुष्यातली एकच. नळीतून आत घ्यायचं नाही, भट्टीची आग छातीत जाते, असं सांगून मग तुम्हीच माझ्याजवळ बसून राहिलात. अशा माणसाला मी नळी धाडली आणि कागद वाचू नका म्हणून लिहिलं!

आता नीट ऐका. आधी सावकाश श्वास सोडा. मग नळी ओठांत घट्ट धरा आणि हळूहळू ओढा. छातीखालचा पडदा खाली सरकतो, फासळ्या रुंदावतात आणि हवा आत येते. एरवी श्वास सोडायला कष्ट नसतात. कष्ट सगळे घेण्याचे. श्वासनळी फाटे फुटत फुटत वीस-बावीस वेळा दुभंगते आणि शेवटी पातळ बुडबुडे लागतात, तीस कोटींच्या घरात. त्यांच्या भिंतीतून हवेतला प्राणवायू रक्तात जातो. काचेत एक बुडबुडा दिसला की तुम्ही माल बाद करायचात. इथे सगळा माल बुडबुड्यांचाच आहे. आणि एक गंमत. माणसाने जीव खाऊन फुंकलं तरी सव्वा लिटरभर हवा आत राहतेच. ती कोणालाच बाहेर काढता येत नाही.

रागावला असाल तर रागवा, पण पत्र पाठवा.

तुमची,
ठिणगी


२ मे

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या दिवशी नळी तोंडात धरली आणि आत ओढायची छातीच होईना. डबी प्लास्टिकची, घरात चूलही पेटलेली नाही, तरी घाम फुटला. आत्याने स्वतः ओढून दाखवलं तेव्हा धीर आला. ती थप्पड तुझ्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या हाताच्या ती अजून लक्षात आहे.

दोन गोळे वर जातात. तिसरा थरथरतो, पण उठत नाही. तिन्ही गेले असं लिहिलेलं पत्र फाडून हे लिहितोय. बापाला आवडो न आवडो, अट ती अट. गादी कुणा गरजवंताला दे.

सव्वा लिटरचं वाचून बरं वाटलं. तू गेल्यापासून कितीही मोठा सुस्कारा टाकला तरी आत काहीतरी राहतंच, एवढं मला ठाऊक होतं. माप माहीत नव्हतं.

सुखात राहा, त्यातलं थोडं कळवत जा.

तुझा,
बाबा


६ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन गोळे पुरे झाले. डोंगराच्या पायथ्याला स्टेशन आहे. तिथली हवा आपल्या घरच्यासारखीच आणि तुमची गाडी तिथपर्यंत येते. मला रविवारची सुट्टी असते; सकाळच्या बसने उतरले तर संध्याकाळी परत वर. तुम्हाला माझं यंत्र दाखवायच्या हट्टापायी हे मला सुचलंच नाही. यंत्र खाली येणार नाही. नाकाचा चिमटा पर्समध्ये टाकलाय.

येत्या रविवारी अकराच्या गाडीने आत्याला घेऊन या. शर्ट पुन्हा बॅगेत भरा. फलाटावर मला पाहून धावू नका, उतराल तिथेच उभे राहा. धावत मी येईन.

बाकी समक्ष.

तुमची,
ठिणगी