पिवळ्या थीमचा एकनिष्ठ वाचक

१२ मार्च, कुरुंदा
ठरलं. हळदीवर ब्लॉग काढायचा. या विषयावर अख्ख्या मराठवाड्यात धड लिहून राहिलंय कोण? बायको पुनम म्हणे, आधी शेतात चला, हळद शिजवायच्या कुकरपाशी बाबा एकटेच घामाघूम होऊन राहिले. तिला शब्द दिला: पाडव्यापर्यंत बाहेरचा एक जरी वाचक न्हाई मिळाला, तर लॅपटॉप माळ्यावर आन मी कुकरपाशी. बाई गालात हसली. पस्तावणार.

१५ मार्च
साधा ब्लॉग कोणीबी काढतं. आपण स्टॅटिक साइट जनरेटर घेतला. मजकूर साध्या फायलीत लिहायचा, पानं ते करतं. हे शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस म्हणे दहा मिनिटांचं काम. मला तीन दिवस लागले. त्याच्याकडं लाईट जात नसणार.

१८ मार्च
थीम निवडून राहिलो. पिवळीच पाहिजे. बाबांचा फोन, काहून येऊन न्हाई राहिला? थीमचं महत्त्व समजावलं. ते काय बोलले ते इथं लिहीत न्हाई.

२१ मार्च, दुपार
जमलं! कमांड मारली आन ब्राउझरमधी ब्लॉग उघडला. पत्ता: लोकलहोस्ट, पुढं १३१३. लोक पत्त्याचे पैसे भरतात, मला फुकटात भेटला. व्हिडिओत पुढं 'डिप्लॉय' नावाची काहीतरी कटकट होती. साइट दिसून राहिली, मग कशाला? सोडून दिली.

२३ मार्च
भेटी मोजणारा आकडा बसवला. एक वाचक येऊन राहिला! मी जेवायला उठलो की तोबी गायब, परत बसलो की हजर. असा माणूस नशिबानं भेटतो. पुनम म्हणे, नाव काय त्याचं? वाचकाला नाव विचारत नसतात.

२६ मार्च
चौकात फ्लेक्स लावला. ब्लॉगचा पत्ता एवढ्या मोठ्या अक्षरात की एसटीतून दिसावा. उद्घाटक माजी सरपंच उत्तमराव. त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा पाहिजे म्हणून अडून बसले. दिला बुवा.

३० मार्च, पाडवा
नारळ फुटला. उत्तमरावांनी माझ्या लॅपटॉपवर एंटर दाबलं, ब्लॉग उघडला, टाळ्या! मग सगळ्यांनी आपापले फोन काढले. एकाच्याबी फोनवर उघडेना. म्हणालो, गर्दीमुळं साइटवर ताण आला. उत्तमराव म्हणे, गर्दी कसली, दहा-बारा टाळकी तर हायत. मग नेटवर्कच भिकार, म्हणालो. पुनम घरी जाऊन माळा झाडायला लागली. लक्षण ठीक न्हाई.

३१ मार्च
मेहुणा स्वप्निल पुण्यात सॉफ्टवेअरमधी. फ्लेक्सचा फोटो पाहून त्याचा फोन आला. आधी नुसताच हसत राहिला. मग म्हणे, दाजी, लोकलहोस्ट म्हणजे तुमचाच लॅपटॉप. डिप्लॉय म्हणजे साइट इंटरनेटवर चढवणं, ते केलंच न्हाई तुमी, बाहेरून कोण कसं येणार?
विचारलं, मग तो रोजचा वाचक?
दाजी, तुमीच की, म्हणे.
लई वाईट वाटलं. माणूस चांगला होता.

१ एप्रिल, कुकरपाशी
लॅपटॉप माळ्यावर. बाबांनी फ्लेक्स अंथरून त्यावर शिजलेली हळद वाळत घातली. उत्तमराव पुरते झाकले गेले, माझं तोंड उघडंच राहिलं. आता थीम बराबर पिवळी झाली. पुनमचा फोन, तुमच्या वाचकाचाबी डबा आणू का?
व्हय म्हणालो. दोन्ही खाल्ले.