वर्तुळातले ठिपके

१७ डिसेंबर २०२५, बुधवार, सकाळी १०
माझ्यासारखीने रोजनिशी लिहावी हे धाडसच; त्याबद्दल या कोऱ्या वहीची क्षमा मागते. परंतु धीर एकवटण्यासाठी लिहिणे आवश्यक वाटते.
काल लॅबमध्ये, आमच्या दवाखान्यातल्या बाळंतीण गंगम्माच्या सिझरच्या जखमेतील पुवाचे जंतू वाढवलेली प्लेट वाचली. तिसऱ्या औषधाच्या चकतीभोवती जंतू मेल्याचे स्वच्छ वर्तुळ होते. आत दोन ठिपके दिसले. धूळ समजून मी ‘औषध लागू’ असा रिपोर्ट दिला. आज ठिपके मोठे झाले आहेत. धूळ वाढत नसते. म्हणजे काही जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत, आणि गंगम्माला तेच इंजेक्शन चालू आहे.
पाचव्या चकतीचे वर्तुळ निर्मळ आहे, म्हणजे ते औषध चालेल. डॉक्टरांना एवढेच सांगायचे. अकराला फोन करणार. निश्चित.

११.४०
डॉक्टर राउंडवर असतील. चारला.

१८ डिसेंबर, गुरुवार
काल चारला रेंज नसावी. पाहिले नाही.
पुराव्याशिवाय बोलणे अशास्त्रीय, म्हणून प्लेट पुन्हा लावली. ही भीती नव्हे, काटेकोरपणा.
गंगम्माचे यजमान बसलिंगप्पा खिडकीशी आले. म्हणाले, “अक्का, ताप उतरंना गेलाय की. बाळालाबी जवळ घेईना ती. इंजेक्शन तर तुमच्याच कागदावरचं हाय न्हवं?” मी म्हणाले, तपासणी प्रगतिपथावर आहे. ते हात जोडून गेले.
लॅब झाडणाऱ्या राजूबाई म्हणाल्या, “कामून भ्यायलीस गं? फोन काय चावायलाय?” मी सांगितले, सविस्तर पत्र लिहीत आहे. ‘आदरणीय’ की ‘माननीय’, एवढेच ठरायचे आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस
नव्या प्लेटवर ठिपके सात. पुरावा पूर्ण.
परंतु आज अमावास्येच्या शेतपूजेला सगळे भालकी गाव शेतात, डॉक्टरही. भज्जी-आंबिलीच्या पंगतीत जंतूंचा विषय काढणे शिष्टसंमत नाही. तरी नंबर लावला. नऊ आकडे. दहावा उद्या. मराठी माध्यमातून तालुक्यात पहिली आलेली मुलगी उद्या अवश्य बोलेल.

२० डिसेंबर, शनिवार
पहाटे गंगम्मा बेशुद्ध झाली. फोन डॉक्टरांनीच केला, अँब्युलन्समधून. हुमनाबाद ओलांडले होते. कलबुर्गीच्या मोठ्या इस्पितळात नेत आहेत. विचारले, “दुसरं कोणतं औषध चालेल?” मी पाचव्याचे नाव सांगितले. म्हणाले, “हे कधी कळलं?” मी म्हणाले, बुधवारी.
 डॉक्टर म्हणाले, “लिहून पाठवा. लगेच.”
औषधाचे नाव लिहिले. खाली: ‘पहिला रिपोर्ट चुकीचा. चूक माझी. उशीरही माझा. मैत्रेयी.’
पाठवले: शनिवार, २० डिसेंबर २०२५, सकाळी ७ वाजून ५२ मिनिटे.