चार नंबरची अक्षरं

८ मार्च, रवि.
वर्गाला सुट्टी. सौ. सातारला माहेरी. माझ्या की-बोर्डवरचा क पुसत आलाय, र अर्धा उरलाय. शुगरने बोटांची टोकं बधिर झाल्यापासून बोटांची जागा सांगणारे बटणांवरचे दोन उंचवटे लागतच नाहीत, म्हणून खाली बघून टाइप करतो. वीस वर्षं टायपिंग शिकवतोय. 'नजर कागदावर' ही पाटी माझ्याच हातची. मी भिंतीला पाठ करून बसतो, मॉनिटर मध्ये येतो, म्हणून आजवर झाकून गेलं.
मोबाइलवर पाहिलं, अक्षरांवर बिनरंगाची नेलपॉलिश लावली की झिजत नाहीत. बांगड्यांच्या दुकानात गेलो. बाई म्हणाली, "कुठला रंग काढू काका?" बिनरंगाची म्हटल्यावर तिने माझ्या नखांकडे पाहिलं. सौ.ला हवी, म्हणालो. तिने विचारलंही नव्हतं.
स्वतःच्या की-बोर्डवर लावायची छाती झाली नाही. आधी वर्गातल्या चार नंबरच्या की-बोर्डवर लावून पाहिली.

९ सोम.
दुपारी पाहिलं तर चार नंबर सगळा चिकट, बटण दाबलं की वर येईना. थिनरच्या बोळ्याने पुसलं. पॉलिश गेली, मधल्या ओळीतली अक्षरंही गेली. बरं झालं माझ्यावर नाही लावली, हा पहिला विचार. लिहून ठेवतो.
पाचच्या बॅचला चार नंबरवर सुरेखा बसते. माहेर पलूसचं, इथे सांगलीत दिलेली. दिवसभर हळदीच्या वखारीत निवडायला असते, तिथून तशीच येते. शेजारचा पोरगा ओरडला, "सर, चार नंबरची अक्षरं कुठं गेली?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी नजर तिच्या पिवळ्या बोटांवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "हळदीच्या हातांनी बडवल्यावर दुसरं काय होणार! हात धुऊन येत जा जरा."
वर्ग खो खो हसला. ती म्हणाली, "धुऊनच येते सर. ह्यो रंग जात न्हाई."
मी उतारा सुरू करायला सांगितलं. तिने त्याच कोऱ्या बटणांवर पानभर टाइप केलं. एक चूक नाही. सही करताना मान वर करवली नाही.

१० मंगळ.
सु. आली नाही.

१२ गुरु.
आजही नाही. परीक्षा बारा दिवसांवर. पास झाली तर शाळेत कारकुनाच्या जागेला अर्ज करणार होती. पहिल्या दिवशी म्हणाली होती, "वखार सुटंल सर." आता माझ्यामुळे…
सौ. परत आली. ड्रॉवरमधली बाटली हातात धरून उभी. "आवं, ही कुणाची?" सगळं सांगितलं. बाटलीवर आधी हसली, मग पुढचं ऐकून बाटली खाली ठेवली. "त्या पोरीला चारचौघांत असं बोललात?"

१४ शनि.
वखारीच्या फाटकाशी जाऊन थांबलो. बायका बाहेर पडत होत्या, सगळ्यांचे हात पिवळे. हे आधी कधी पाहिलंच नव्हतं असं नाही. सु. दिसली. बाजूला घेऊन सांगितलं, ती अक्षरं माझ्याच हातून गेली.
"ठावं हाय सर. थिनरचा वास येत हुता की."
मग त्याच दिवशी बोलली का नाहीस, म्हटलं.
"कसं बोलायचं? तुमी सर. आन् मला अक्षरं लागत न्हाईत. तुमालाच लागत्यात. तुमच्या मागल्या कपाटाच्या काचंत दिसतंय सगळं, तुमी खाली बघताय ते."
म्हणजे मला चार महिने ती बघत होती आणि कुणाला बोलली नव्हती. आणि मी एका मिनिटात…
परीक्षा तरी बुडवू नकोस, म्हणालो.
"परीक्षा देती. वर्गात यायची न्हाई. तुमी बोलला समद्यांम्होरं, आन् म्या हितं फाटकात एकलीनं ऐकून काय करू? तितंच सांगा."

१५ रवि.
सौ. म्हणते, मग सांगा की, त्यात काय. तिला सोपं आहे. अक्षरांचं सांगायचं तर नेलपॉलिशचं सांगावं लागणार, नेलपॉलिशचं सांगितलं की बोटांचं. पोरं पाटीकडे बघणार, मग माझ्याकडे. फक्त 'थिनर सांडलं' म्हणावं का? तिचं नाव मोकळं होईल, माझंही झाकलेलं राहील. दिवसभर हेच घोळवलं. स्वतःची शिसारी आली.

१६ सोम.
दुपारी टेबल फिरवून घेतलं. आता पोरांना माझे हात दिसतील. सु.ला मेसेज केला, 'आज पाचला वर्गात सांगणार आहे. सगळं.' वाचल्याच्या खुणा आल्या, उत्तर नाही.
पाच वाजून सात. बॅच भरली. "सर, टेबल का फिरवलं?" थांबा जरा, म्हणालो आणि ही वही उघडून बसलो. त्यांना वाटतंय हजेरी लिहितोय. चार नंबर रिकामा.
ती येईपर्यंत थांबावं वाटतंय. पण तिने यायचं कबूल कुठे केलंय? ती नाही म्हणून मी थांबलो, तर हेही तिच्याच माथी मारल्यासारखं…
उठतो.