समाजभवनाची तीन कुलपं

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमचा बचत गट, भजन मंडळ आणि क्रीडा मंडळ, तिघांनी मिळून कॉलनीचं समाजभवन रंगवलं, फरशी बसवली. आणि मग कोणाचा कोणावर भरवसा नाही म्हणून एकाच दाराला तीन कुलपं! आज म्हाताऱ्यांचे डोळे तपासायला डॉक्टर आले. दोन कुलपं उघडली. तिसरी किल्ली भजन मंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात, आणि ते देवळीला लग्नात. फोन केला तर म्हणतात, "वहिनी, काऊन चिडून राह्यल्या? उद्या येतो न मी." म्हातारी माणसं तासभर उन्हात बसली. डॉक्टर कंटाळून परत गेले. तीन कुलपं! आणि सगळ्यांना शिव्या घालत निघताना मी काय केलं? आमच्या गटाचं कुलूप आठवणीनं परत लावलं.