गोगलगायीची तिसरी परीक्षा

ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. आमच्याच हॉस्पिटलात आहेत. चहा पांचट असल्याची तक्रार मेट्रन, सर्जन आणि लिफ्टवाला यांच्याकडे करून झाली. म्हणजे तब्येत उत्तम.

मी नर्सेसना काय शिकवते ते त्यांनी अखेर पाहिलं. रुग्णाला नाव विचारायचं, मनगटावरची पट्टी वाचायची, मगच गोळी द्यायची. बारा वर्षं एवढंच सांगतेस का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांच्या वॉर्डातल्या एका नर्सला सगळे गोगलगाय म्हणतात. सहा रुग्णांच्या गोळ्या अर्ध्या तासात द्यायच्या, तर ही पाऊण तास लावते, कारण प्रत्येक पट्टी दोनदा वाचते. माझ्या परीक्षेत दोनदा नापास झाली. येत्या शुक्रवारी तिसरी. तीही गेली तर वॉर्ड सुटणार आणि रवानगी चादरींच्या कोठारात. पोरगी धास्तीने अर्धी झाली आहे. वाईट वाटतं, पण वेळेची अट म्हणजे अट.

लोभ आहेच, तो उत्तर लिहिण्याइतका वाढावा.

तुझी,
धाकटी

ता. ६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अप्पांचंही पत्र आलं. गुडघ्याबद्दल एक ओळ, बाकी सगळं गोगलगायीबद्दल. तिला पास कर, असं मी तुला दटावावं म्हणतात. ती रोज त्यांना नाव विचारते आणि उत्तर पूर्ण ऐकून घेते. घरात असं कुणी करत नाही, म्हणे.

पण वडिलांच्या खाटेपाशी परीक्षा घेऊ नकोस. तिथे तू मुलगी होशील, आणि मुलगी म्हणून तू फार उतावळी आहेस.

वेळेवर जेवत जा, म्हणजे माझे आशीर्वाद फुकट जाणार नाहीत.

तुझी,
ताई

ता. १०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. परीक्षा शुक्रवारी झाली होती.

चार रुग्णांतच अर्धा तास सरला. पाचवे अप्पा, नाश्त्यावाचून ताटकळलेले. शेवटी मीच ट्रेमधली गोळीची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी लगेच तोंड उघडलं. मी दिलेलं ते कधी बघत नाहीत.

गोगलगायीने झटकन माझं मनगट धरलं. म्हणाली, मॅडम, नाव विचारायचं राहिलं.

वाटी शेजारच्या खाटेची होती. साखर उतरवणारी जोरकस गोळी, आणि अप्पा उपाशी. ताई, मी अप्पांच्याच खाटेवर बसले आणि मला रडू आलं. अप्पा म्हणाले, नाश्ता कधी येणार ते विचार.

परीक्षा सत्तेचाळीस मिनिटांत संपली. मी तिला पास केलं. वेळेची अट काढावी असं मेट्रनला लिहून दिलं, तिने ते मानलं.

झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल मात्र ती पकडणाऱ्यानेच भरायचा, हा नियम माझाच. गोगलगायीने तो सकाळभर बसून, सुवाच्य अक्षरात भरला. चूक करणाऱ्याचं काय करावं, या रकान्यात लिहिलं: 'मन लावून काम करतात. एक संधी द्यावी. मी शिकवायला तयार आहे.'

उद्या सकाळी सातला तिच्याकडे माझा पहिला तास आहे.

हे वाचूनही लोभ कमी करू नये.

तुझी,
धाकटी