गोलाशिवाय काही दिसत नाही

३ डिसेंबर, मंगळवार
निवड समितीचा फॉर्म आला. जानेवारीत लेहला आइस हॉकीचं शिबिर, पुण्यातून एकच फॉरवर्ड घेणार. माझ्याकडून अर्थात वैशाली. दोन रकाने : बलस्थाने, उणिवा. प्रत्येकी चार ओळी. माणूस चार ओळींत मावतो अशी समितीची समजूत असावी. तीन वर्षं बलस्थानांत मी एकच वाक्य लिहितोय : 'हिला गोलाशिवाय काही दिसत नाही.' माझं मलाच आवडतं. उणिवांत : 'पास नीट घेत नाही.' १६ तारखेला पाचच्या आत पाठवायचाय.

५ डिसेंबर, गुरुवार
धायरीचं रिंक, सकाळी साडेसहा. सराव चाकांच्या स्केटवरच. बर्फ महिन्यातून एकदा, मॉलमधल्या हातरुमालाएवढ्या रिंकवर. वै. लोणी काळभोरहून पहिल्या बसने. नऊ फटके, सात गोल. मान न हलवता, गोलकीपरच्या खांद्यावरून. वीस वर्षं शिकवतोय, असा फटका कुणाला आला नाही. आणि हिला तर मी तो शिकवलेलाही नाही.
पण तिच्या जोडीच्या सानिकाने डावीकडून दिलेले तीन पास पायाजवळून गेले. तापलो. "पासची आमंत्रणपत्रिका छापायची का आता?" वै. हसली नाही. "सर, तिला आवाज द्यायला सांगा."

८ डिसेंबर, रविवार
मॉलचा बर्फ. सानिका पास देण्याआधी स्टिक दोनदा आपटते. मला वाटलं, यांची खूण. विचारलं तर म्हणाली, "वैशूनेच सांगितलंय सर, लास्ट इयरपासून. नाही ठोकलं तर ती मिसच करते."
नंतर दोघी आदळल्या. सानिका बाजूने येत होती, चांगली दिसेल अशी. वै. पडली. उठताना कठडा हाताने चाचपला, मग धरला. कठडा वीतभर अंतरावर होता.
बरं नाही वाटलं. का ते

१० डिसेंबर, मंगळवार
सु. रिंकवर आली होती, तिळाच्या वड्या घेऊन. बायको आली की पोरी जास्त खूश. वै. स्केटची नाडी बांधत होती. सु.ने ताटली तिच्या कोपराशी धरली. वै. ढिम्म. सु.ने ताटली समोर आणली, तेव्हा दचकून, "अय्या, काकू!"
परतताना सिग्नलला सु. मागून म्हणाली, "अहो, त्या पोरीला बाजूचं दिसत नाही का?"
मी सवयीने, "तिला गोलाशिवाय काही दिसत नाही."
सु. हसली नाही. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न मारत होते आणि मी स्कूटर काढलीच नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
सराव संपल्यावर वै.ला थांबवलं. गोलाकडे बघत उभी राहा म्हटलं. सरावातला केशरी प्लास्टिकचा कोन तिच्या कानामागून हळूहळू पुढे आणला. दिसला की सांग. कानाशी नाही. गालाशी नाही. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा, "हां, आता." दुसऱ्या बाजूनेही तेच, जरा लवकर इतकंच.
मी कोन खाली ठेवला. ती सरळ आवाजात म्हणाली,
"मामाला बी असंच झालं व्हतं, सर. कडंकडंनं मिटत आलं. आता भाकरी हातात द्यावी लागती."
"कधीपासून?"
"दहावीपासनं. आण्णांना सांगू नका."
म्हणजे मी पहिल्यांदा ते वाक्य लिहिलं, त्याच्याही आधीपासून. मी कौतुक करत होतो.

१४ डिसेंबर, शनिवार
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अकराची वेळ घेतली होती. मी आणि सु. एकपर्यंत बसून राहिलो. ती आली नाही. फोन केला.
"डॉक्टर कागदावर लिवणार, सर. लिवलं की संपलं."
"आणि लेहला बाजूने कुणी अंगावर आलं तर? हा मॉल नाही, वैशाली. मान मोडेल."
"औंदा दिसतंय. पुढल्या साली दिसंल का न्हाई, कुणी सांगावं?"
फोन ठेवला. ठेवायला नको होता. सु. रिक्षा करून एकटीच घरी गेली.

१५ डिसेंबर, रविवार
वै. आली. आठ फटके, आठ गोल. एवढे कधीच मारले नव्हते.
सगळ्या गेल्यावर मी एकटाच रिंकवर. दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरले, घोड्याच्या झापडांसारखे, आणि गोलाकडे बघितलं. जाळीचा एकेक चौकोन मोजता येईल इतका स्पष्ट. पाऊल टाकलं तर पायातल्या कोनाला अडखळून पडलो. गुडघा सुजलाय.

१६ डिसेंबर, सोमवार
सकाळी वै. घरी आली. बसली नाही. मी म्हटलं, मला खोटं लिहिता येणार नाही.
"खोटं कशाला, सर? दर साली लिवता तेच लिवा. ते खरंच हाय की."
उंबरठा हाताने चाचपून उतरली. आता लपवतही नाही.
सव्वाचार. सु. म्हणते, तिच्या वडिलांना, आण्णांना, फोन लावा आधी. नंबर समोर आहे. फॉर्मही समोर आहे, दोन्ही रकाने कोरे.
चार चाळीस. वाक्य तेच. एक शब्द बदलायला नको. फक्त कोणत्या रकान्यात