माझ्या वाट्याच्या ओळी कडूबाईच्या नावे

मी, दगडाबाई भ्रतार आश्रुबा खंदारे, वय अंदाजे त्रेपन्न, धर्म बौद्ध, धंदा गाणं (सध्या बंद), राहणार पिंगळी स्टेशन, तालुका जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीनं आणि पूर्ण अक्कलहुशारीनं लिहून ठेवते. कोणी दाब टाकलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. गळ्याच्या ऑपरेशनपासून माझा आवाज गेला आहे आणि मी पाटीवर लिहून बोलते, पण डोकं जाग्यावर आहे. ज्याला खात्री करायची असेल त्यानं माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत. हे वाक्य दत्तराव वकिलांना नको होतं. ते म्हणाले, उद्या कागद कोर्टात जाऊ शकतो. मी पाटीवर लिहिलं, मग कोर्टानं खेळावं.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या माघारी याची अंमलबजावणी रंगनाथ मास्तरांनी करावी. त्यांना राग लवकर येतो, पण हिशेब सरळ असतो.

कलम पहिलं, घर.

पिंगळी स्टेशनच्या मागं माझं दोन खोल्यांचं घर आहे. वर पत्रे, पुढं कडुनिंब. ग्रामपंचायतीत माझ्या नावावर आहे. पती वारले, मूलबाळ नाही. हे घर कडूबाई पिता बन्सीधर गरुड हिला पूर्ण मालकीनं मिळावं. वकिलांनी ‘हयातीपर्यंत राहण्याचा हक्क’ असा मजकूर सुचवला होता, तो मी खोडला. राहू देतात ते भाडेकरूला. कारणही लिहिते, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको.

कडूबाई माझी नात्यानं कोणी नाही. आम्ही एकाच गावच्या, ती गावातल्या मराठ्याची, मी आमच्या वस्तीतली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी भाची आता तिथं नांदते. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळ्या बाया एकत्र बसल्या. पाण्याचे रांजण वेगळे होते, खडीचा ढीग एकच. ती हातोडा मारता मारता गायची. तिचा श्वास संपायचा तिथं मी ओळ धरायची, माझा संपला की ती. मुकादम म्हणाला, ह्या दोघींना जवळजवळ बसवा, काम जास्त निघतं. माझे पती लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. दुष्काळ सरल्यावर त्यांनी आम्हाला लग्नाकार्यात माइकसमोर बसवलं. कडूबाईला नवऱ्यानं टाकलेलं होतं, ती भावाकडे राहायची. भाऊ काही बोलला नाही, कारण कर्ण्यातून येणाऱ्या आवाजाचं तोंड दिसत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या आषाढात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं आमच्या वस्त्या पेटल्या. आमचं घर गेलं, अॅम्प्लिफायर गेला. आम्ही दोघं नवराबायको ज्वारीत बसून राहिलो. बांधावरून माणसं चालल्याची चाहूल लागायची आणि मी तोंडात पदर कोंबायची. मग कोणीतरी एक ओळ गुणगुणत येताना ऐकू आलं. खडी फोडतानाची ओळ. मी पुढची ओळ हळूच म्हटली. तेवढ्यावरून कडूबाईला जागा कळली. तिनं आम्हाला ज्वारीच्या ताटांतून बाहेर काढलं आणि सरळ घरी नेलं.

दारात तिचा भाऊ तात्याराव उभा होता. तो जाळणाऱ्यांत नव्हता, हे लिहून ठेवते. भ्याला होता.

“कडे, ह्यांला आत घेतलं तर उद्या आपलं बी घर पेटंल.”

“मंग मला बी बाहीर काढ.”

“तुला कोन काढायलंय?”

“मीच निघायलेय,” ती म्हणाली. आत गेली, तांब्याची घागर घेतली आणि आमच्याबरोबर चालायला लागली. टाकलेल्या बाईला भावाचं एक दार असतं. तेही तिनं मागं वळून न पाहता सोडलं. पिंगळीला रेल्वेच्या पॉइंट्समनची बायको मालनबाई हिनं आम्हा तिघांना पडवीत जागा दिली. नाव विचारलं, जात विचारली नाही.

त्या दिवसापासून कडूबाईला स्वतःचं दार नाही. म्हणून हे कलम.

माझा पुतण्या चंद्रभान याबद्दल नाराज आहे. तो म्हणाला, “काकू, घर आपल्या मानसाच्या नावानं करावं.” मी पाटीवर लिहिलं, “तेच करायलेय.”

तात्यारावाविषयी माझ्या मनात आता काही नाही. तो या घरी आला तर त्याला चहा पाजावा, जेवू घालावं. मुक्कामाचा आग्रह करू नये.

कलम दुसरं. पिंगळीला आल्यावर घेतलेला अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, माइक, वायरीचं भेंडोळं आणि बॅटरी चंद्रभानला द्यावी. पोराला यातलं कळतं. माझ्यावर रागावला असला तरी लिहिते, शिट्टी मारणारा माइक तो नुसता हात लावून गप्प करतो. आमच्या वस्तीतल्या भीमजयंतीला आणि गावच्या गणपतीला, दोन्हीकडं त्यानं सारख्याच आवाजात कर्णे लावावेत.

कलम तिसरं, पेटी.

पेटी मुंजाजीला द्यावी. ती त्याचीच आहे असं तो पहिल्यापासून म्हणत आला, आता खरं होईल. मुंजाजी आमच्या पार्टीत पहिल्या दिवसापासून पेटी वाजवतो आणि पहिल्या दिवसापासून पार्टी सोडून चालला आहे.

पार्टीच्या नावाची हकीकत इथंच लिहिते. एकोणऐंशी साली परभणीला पोस्टर छापायला गेलो. छापखानावाल्यानं नावं ऐकली आणि अक्षरांचे खिळे हातात धरून बसला. “एक दगडाबाई, एक कडूबाई. बाई, हे वाचून लोक तिकीट काढतील का पळून जातील?” आमच्या आयांची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये अशी नावं ठेवली होती. ते त्याला काय सांगायचं. त्यानंच ‘चांदतारा म्युझिकल पार्टी’ सुचवलं. मग चांद कोण यावर आमचं तिथंच भांडण जुंपलं. ती उंच म्हणून ती मिस चांद झाली आणि मी मिस तारा. पंधरा वर्षं पोस्टरवर तिचं नाव आधी आलं. याचं मला वाईट वाटत नाही, पण नोंद असावी.

पूर्णा पॅसेंजरनं आम्ही सगळा मुलूख फिरलो. चुडाव्याला उतरून बैलगाडीनं जत्रा केल्या, उरूस केले, लग्नं केली. सिनेमाची गाणी म्हटली, भीमगीतं म्हटली, गवळणी म्हटल्या, कव्वालीही म्हटली. दोघींच्या साड्या एकसारख्या, टिकल्यांच्या. स्टेजवर आम्ही समोरासमोर तोंड करून गायचो. लोकांना वाटायचं ही अदा आहे. खरं तर एकमेकींचा श्वास दिसावा म्हणून.

एका गावी गणपतीत आबासाहेब म्हणून पुढारी होते. स्टेजमागं आले आणि हात जोडून म्हणाले, “चांदबाईंनी एकट्यांनी गावं. ताराबाई बसतील इथं आरामात. त्यांचं मानधन कापणार नाही.”

कडूबाई म्हणाली, “मंग मला बी बसवा. दोघी आराम करतो. गर्दीला तुमी गानं म्हना.”

आबासाहेबांनी पडदा बाजूला करून गर्दी पाहिली. दोघी गायलो. दुसऱ्या वर्षी आमच्याच लोकांच्या जयंती कमिटीनं मला बाजूला घेऊन विचारलं, मराठ्याची बाई कशाला सोबत? मी कडूबाईचंच उत्तर त्यांना दिलं. तिथंही दोघी गायलो, आणि कमिटीच्या अध्यक्षांच्या आईनं कडूबाईची अलाबला घेतली.

कलम चौथं. ट्रंकेत न विकलेल्या कॅसेटी आहेत. ज्याला पाहिजे त्यानं न्याव्या, एका अटीवर. शहरातल्या एका कंपनीनं आमची गाणी भरून घेतली आणि वेष्टनावर भलत्याच पोरीचा फोटो छापला. गोरी, गुलाबाच्या झाडाला टेकलेली. मी दोन दिवस जेवले नाही. कडूबाईनं कॅसेट उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “दगडे, आपून किती गोऱ्या झालो गं.” कंपनीवाल्याला मी माफ केलेलं नाही. कॅसेट नेणारानं त्या पोरीवर आम्हा दोघींचा फोटो चिकटवावा. फोटोच्या प्रती ट्रंकेतच आहेत.

कलम पाचवं. माझ्या टिकल्यांच्या साड्या कोणी नेसणार नाही. त्यांची वाकळ शिवावी आणि ती मालनबाईला द्यावी. टोचेल, पण तिला चमकतं ते आवडतं.

कलम सहावं. माझं शेवटचं कार्य बौद्ध पद्धतीनं व्हावं. घरात एकाच भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि शेजारी कडूबाईची तुळजाभवानी आहे. कार्याला येणाऱ्यांपैकी कोणी तिचा देव्हारा हलवू नये. पती वारले त्या दिवशी तिनं देवीपुढचा दिवा विझू दिला नाही आणि आमची वंदनाही सगळ्यांबरोबर म्हटली. कोणाला त्याचं काही वाटलं असेल तर ते त्यानं आपल्या घरी नेऊन वाटून घ्यावं.

कलम सातवं. हे वकिलांच्या मते कलम होत नाही. तरी लिहिते.

सत्त्याऐंशी साली मुंबईहून एक माणूस आला. त्याला फक्त चांद पाहिजे होती. मी स्वतः तिची पिशवी भरली, धपाटे बांधून दिले, स्टेशनवर हसले. घरी आल्यावर पतीशी विनाकारण भांडले. ऐन पावसाळ्यात गेलेली कडूबाई दसऱ्याआधी पॅसेंजरमधून उतरली, तीच पिशवी घेऊन. मी विचारलं, काय गं, काय झालं?

“काय न्हाई. लय मोठाली मानसं हायत तिथं, लय चांगली वागली,” ती म्हणाली. “पन मी श्वास घेतला की गानं थांबायलंय.”

पुढं दोन वर्षांनी पती गेले. त्यानंतर माझा गळा धरला आणि ऑपरेशनमध्ये आवाज गेला. मी कडूबाईला पाटीवर लिहून दिलं, दुसरी तारा बघ. तिनं पाटी पुसली. तेव्हापासून ती मला टिकल्यांची साडी नेसवून स्टेजवर समोर बसवते आणि एकटी गाते.

या संक्रांतीला, चौदा जानेवारीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. कोणी नामांतर म्हणतं, कोणी नामविस्तार. परभणीला आमचा कार्यक्रम होता, रात्र पडायच्या आत मैदान भरलं. आमचं एक सवालजवाबाचं गाणं आहे, आंदोलनाच्या वर्षांत केलेलं. चांद विचारते,

“कमानीवर नाव बाई लिव्हील गं कोन?”

आणि तारा उत्तर देते,

“उन्हामंदी चालत्यात त्या टाचा दोन.”

कडूबाईनं सवाल म्हटला आणि थांबली. मुंजाजीची पेटी चालू, ढोलकी चालू, उत्तर नाही. तिनं दुसरा सवाल म्हटला, परत थांबली. अख्खं गाणं तिनं असं अर्धं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाया रडल्या, पण मला राग आला. ज्या दिवसासाठी गाणं केलं, त्या दिवशी ते पुरं नको का व्हायला? खाली उतरल्यावर मी पाटीवर जोरात लिहिलं, खडू मोडला.

ती म्हणाली, “तुझ्या ओळी हायत त्या. तू समोर बसलीस. मी कशी म्हनू?”

तर आता लिहून देते. आमच्या सगळ्या गाण्यांतल्या माझ्या वाट्याच्या ओळी, सवालाचे जवाब, दुसरी कडवी आणि शेवटची तान, हे सगळं मी कडूबाईच्या नावे करते. आजपासून, मी मेल्यावर नाही. ‘चांदतारा’ हे नावही तिचंच. पुढं तिला दुसरी तारा मिळाली तर तिनं या ओळी तिला द्याव्यात. तारा कुठल्याही वस्तीतली चालेल, बेसूर नको.

पुढचा मजकूर दुसऱ्या दिवशी लिहिला आहे. सही कालच व्हायची होती. वकीलसाहेब आणि साक्षीदार येऊन बसले होते. मी वरचे कागद कडूबाईला वाचायला दिले. ती पोस्टरवरून अक्षरं शिकली, त्यामुळं बोट ठेवून, एकेक शब्द मोठा करून वाचते. घराचं कलम वाचून ती उठली, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली, परत आली. म्हणाली, “पत्रे गळत्यात.” मग पुढं वाचलं. सातव्या कलमाशी बोट थांबलं.

“दुसऱ्या कडव्याला तू दर बारीला येगळं म्हनायचीस. त्यातलं कोनतं दिलंस?”

मी आठवतील ती सगळी लिहून दाखवली.

“मंग सही कशाची करायलीस? आधी शिकव.”

वकीलसाहेब घड्याळ बघत म्हणाले, “बाई, पाच मिनिटांचं काम आहे.” कडूबाईनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. मुंजाजीनं पेटी काढली. मी पाटीवर ओळ लिहिली आणि मांडीवर ठेका धरला. कडूबाईनं माझी ओळ उचलली ती चुकीच्या जागी. मी पाटी आपटली. परत उचलली, परत चुकली. वकीलसाहेबांची गाडी गेली. कडूबाई मला शिव्या द्यायला लागली, मीही लिहून दिल्या. आज सकाळी चूल पेटवताना ती पाठमोरी बसून सवाल म्हणाली आणि न थांबता माझा जवाबही म्हणाली. मुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

आता तिला येतं. म्हणून सही करते.

सही: दगडाबाई आश्रुबा खंदारे

साक्षीदार:
१. रंगनाथ मास्तर, निवृत्त शिक्षक, पिंगळी. सही. (कागद समक्ष वाचला. पत्त्यांबाबतचं म्हणणं खरं आहे.)
२. मालनबाई, पिंगळी स्टेशन. डाव्या अंगठ्याचा ठसा.

कायद्याची भाषा सांगणार: दत्तराव वकील, परभणी. मुक्काम वाढल्यामुळं सही दुसऱ्या दिवशी केली.

ठिकाण: पिंगळी स्टेशन, तालुका जिल्हा परभणी
तारीख: २२ फेब्रुवारी १९९४